शौचातून रक्त? अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, शौचावाटे रक्त पडलं तर ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पिऊन गप्प बसू नका. कधी मूळव्याध असते, कधी आमांश. पण जुलाब आठवडेच्या आठवडे टिकले, तर आतड्याला सूजही असू शकते.

आपल्याच शरीरातलं ‘टीएनएफ’ हे प्रथिन ही सूज वाढवतं. इन्सुलिनसारखंच तेही जिवाणूंकडून बनवून घेतात आणि प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींवर घालून सूज कशी चढते ते पाहतात. त्याला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब औषध १९९८ साली अमेरिकेत आतड्याच्या क्रोन आजारासाठी मंजूर झालं. मात्र ते घेण्याआधी क्षयाची तपासणी हवीच. दबलेला क्षय उसळू शकतो.

मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. लाज सोडा, वेळेवर दाखवा!