मुद्दाम उशीर करणारा मध्यस्थ

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात एक शाळा आहे असे समजू. शिक्षक एका विद्यार्थ्याचा अर्ज संकेतस्थळावर भरतात आणि ‘सादर करा’ हे बटण दाबतात. पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. अर्ध्या मिनिटाने ते पुन्हा बटण दाबतात. आता अर्ज एकदा गेला, दोनदा गेला, की गेलाच नाही? शुल्क दोनदा कापले गेले तर? हीच आज्ञावली शहरातल्या चाचणीत मात्र बिनचूक चालली होती. कारण साधे आहे: तिथे उत्तर लगेच येत होते.

हा उशीर अंतरामुळे होतो का? हिशेब करून पाहू. बुलढाण्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन लागतात अवघे ४ मिलिसेकंद. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली असा १,४४,००० किलोमीटरचा प्रवास धरला तरी अर्धा सेकंदच लागतो. तेव्हा खरी कारणे वेगळी आहेत: क्षीण संदेशामुळे माहितीचे तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागणे, मनोऱ्यावरची गर्दी आणि शेवटच्या तारखेला मुख्य संगणकावर पडणारा ताण.

उशीर दोन प्रकारचा असतो. टाकीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर रिकाम्या नळातून पाणी घरी पोचायला लागणारा वेळ हा पहिला. धार बारीक असल्याने हंडा भरायला लागणारा वेळ हा दुसरा. चाचणीत दोन्ही पाहावे लागतात.

त्यासाठी प्रत्येक वेळी गावात जाण्याची गरज नाही. आपला संगणक आणि दूरचा संगणक यांच्यामध्ये एक मध्यस्थ आज्ञावली बसवतात. तिला ‘डीबगिंग प्रॉक्सी’ म्हणतात. सर्व प्रश्नोत्तरे तिच्या हातून जातात. ती ते वाचते, नोंदवते आणि सांगितले तर अडवूनही ठेवते. एरिक लॉरेन्स यांची २००३ मधील ‘फिडलर’ ही अशीच आज्ञावली. तिच्यात जुन्या मोडेमच्या वेगाची नक्कल करण्याची सोय आहे. उत्तराच्या दर किलोबाइटला १५० मिलिसेकंद उशीर, असा तिचा नियम. म्हणजे १०० किलोबाइटचे उत्तर यायला १५ सेकंद लागतात!

आता समजा, आज्ञावली ३० सेकंद वाट पाहून ‘अयशस्वी’ असे सांगते. मध्यस्थाला उत्तर ३५ सेकंद अडवायला सांगा. पडद्यावर ‘अयशस्वी’ दिसते, पण दूरच्या संगणकावर अर्ज केव्हाच नोंदला गेलेला असतो! उत्तर न मिळणे म्हणजे काम न होणे नव्हे, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. यावर उपाय आहे. प्रत्येक अर्जाला पाठवण्यापूर्वीच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी नोंद न करता आधीचेच उत्तर परत पाठवायचे.

हा प्रयोग संगणकाशिवाय वर्गातही करता येतो. एक विद्यार्थी चिठ्ठीवर मागणी लिहील, दुसरा ती पोचवील आणि तिसरा वहीत नोंदवून पोच देईल. मधल्याने पोच हातात घेऊन दहा अंक मोजावेत, मगच ती द्यावी. पहिल्याने पाच अंकांपर्यंत पोच न मिळाल्यास नवी चिठ्ठी पाठवावी. वहीत किती नोंदी झाल्या ते पाहा. मग चिठ्ठ्यांना क्रमांक देऊन हाच खेळ पुन्हा खेळा.

एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. सुरक्षित संकेतस्थळांची सांकेतिक माहिती वाचण्यासाठी मध्यस्थाचे प्रमाणपत्र आपल्या संगणकावर बसवावे लागते. ते फक्त स्वतःच्या संगणकावर, चाचणीपुरतेच बसवावे आणि काम संपताच काढून टाकावे. जो मध्यस्थ उशीर करू शकतो, तो आपले परवलीचे शब्दही वाचू शकतो.