आधी आपला दंड पुढे करावा

साखरखेर्ड्यासारख्या गावात फ्लूच्या लशीचा विषय निघाला, की ‘साध्या सर्दी-तापाला सुई कशाला?’ असे विचारणारे ज्येष्ठ भेटतातच. परंतु याच ‘साध्या’ तापाने २००९ साली स्वाइन फ्लूच्या रूपात पुण्यात बळी घेतले. लशीनेच फ्लू होतो, ही भीतीही निराधार आहे. टोचायच्या लशीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो. बाहेरचा विषाणू मात्र रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. अशाच शंकांपोटी काही आरोग्यसेवकही कचरतात. मग रुग्णाचा विश्वास बसावा कसा? १८९७ मध्ये मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. घरातील वृद्धांची शुश्रूषा करताना आपणही डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी आपला दंड पुढे करावा.