खंजिरीवरचा हात यंत्राला कसा कळेल?

वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावच्या भजनी मंडळांत खंजिरीला मानाचे स्थान आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तिला विदर्भाच्या घराघरांत नेले. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या आश्रमात राहिलेही होते. ही खंजिरी स्पर्शावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रूपात घडवायची, तर आधी तिचा आवाज कसा निघतो ते पाहायला हवे.

ताणून मढवलेल्या गोल पडद्याच्या मूळ कंपनानंतरची कंपने त्याच्या साधारण १.५९, २.१४ आणि २.३० पट वारंवारितेची असतात. पटी पूर्णांकात नसल्याने स्वर ठाम लागत नाही. तबल्यावरची शाई या पटी पूर्णांकांच्या जवळ आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. खंजिरीला शाई नसते, त्यामुळे तिथे सारी मदार हातावर. मधोमध थाप दिली की घुमारा येतो, काठावर बोट पडले की आवाज कडक होतो आणि पडदा दाबला की ताण वाढून स्वर चढतो.

म्हणून यंत्राला तीन गोष्टी कळायला हव्यात: हात कुठे पडला, किती जोराने पडला आणि किती वेळ दाबून राहिला. मोबाइलच्या पडद्यासारखा विद्युतधारितेवर चालणारा पृष्ठभाग जागा सांगतो, जोर नाही. पिझो चकती आघात टिपते, पण टिकून राहिलेला दाब तिला नीट मोजता येत नाही. दाब वाढताच ज्याचा विद्युतरोध घटतो, असा संवेदक तो मोजतो. अमेरिकेत अजय कपूर आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक तबल्यात असेच दाबसंवेदक होते.

यात वेळेचे गणितही कडक आहे. थाप आणि आवाज यांत साधारण दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडले, तर वादकाला ते खटकू लागते. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम साडेतीन मीटर जातो, म्हणजे भजनाला समोर बसलेल्या टाळकऱ्यापर्यंत.

नोंदवलेले चार आवाज बटणांवर बसवणे सोपे आहे, पण त्यात वादकाचा हात हरवतो. वर्ध्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे आणि पहिल्या दिवसापासून जुन्याजाणत्या खंजिरीवादकांना सोबत बसवावे. वादकाला आपला हात बदलावा लागला, तर रचना चुकली असे समजून संवेदकांची जागा पुन्हा ठरवावी.