महाकाय जातीच्या पिलांचे लंगडणे आणि त्यांचा आहार

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ यांसारख्या महाकाय जातींची कुत्री जळगाव व धुळे जिल्ह्यांत आता शहरातील बंगल्यांप्रमाणेच मळ्यातील घरांवर व जिनिंगच्या आवारांतही पाळली जातात. ही पिले चार ते सहा महिन्यांची झाली की पशुपालक ठरावीक तक्रारी घेऊन रुग्णालयात येतात. पिलू लंगडते, उठताना कण्हते, जिना चढण्यास कुरकुर करते, पुढील पाय मनगटापाशी वाकू लागले आहेत. येथे येण्यापूर्वीच बहुतेकांनी घरी एक उपाय सुरू केलेला असतो, तो म्हणजे कॅल्शियमची बाटली. हाडे दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी पडले, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. काही पिलांच्या बाबतीत तो खराही ठरतो. मात्र काही पिलांच्या दुखण्याचे कारण ती बाटलीच असते. दोन्ही प्रकारची पिले बाहेरून जवळजवळ सारखीच लंगडतात. त्यामुळे पिलाच्या थाळीत रोज काय व किती पडते याची चौकशी केल्याखेरीज औषध लिहून देणे योग्य नव्हे.

ग्रेट डेनचे पिलू जन्मतः सुमारे अर्धा ते पाऊण किलो वजनाचे असते आणि वर्षभरात ते पन्नास किलोंच्या आसपास पोहोचते. माणसाचे मूल तेवढ्याच काळात जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाढीचा वेग ध्यानात येईल. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तेथे प्रथम मऊ कूर्चा तयार होते व मागाहून तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार बसून ती हाडाचे रूप घेते. महाकाय जातींत ही पट्टी साधारणतः वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान बंद होते. तोपर्यंत हाड सरळ करण्यास वाव असतो. एकदा पट्टी मिटली की राहिलेला बाक शस्त्रक्रियेवाचून जात नाही.

यावर अनेक पशुपालक एक रास्त प्रश्न विचारतात. आमच्या मळ्यावरची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या कळण्याच्या भाकरीवर वाढली, ठेलाऱ्यांच्या वाड्यावरची कुत्रीही ताक-भाकरीवरच पोसली जातात, त्यांना कधी काही झाले नाही, मग या पिलाचेच एवढे कौतुक कशासाठी? त्याचे उत्तर असे की गावठी कुत्रे पूर्ण वाढ झाल्यावर पंधरा-वीस किलोंचे होते. त्याच्या हाडांची रोजची मागणी त्यामानाने थोडी असते. शिवाय ते दिवसभर मोकळे फिरते. उकिरड्यावरील हाडे व मेलेली जनावरे यांतून त्याला जे मिळते, त्याची नोंद मालकाकडे नसते. साखळीला बांधलेल्या ग्रेट डेनच्या पिलाला मात्र आपण वाढू तेवढेच मिळते.

तेव्हा आपण काय वाढतो ते मोजून पाहू. वीस किलो वजनाच्या, तीन-साडेतीन महिन्यांच्या पिलाला दिवसाला सुमारे दोन हजार कॅलरी लागतात. वाढत्या पिलाला दर हजार कॅलरींमागे साधारण तीन ग्रॅम कॅल्शियम हवे, म्हणजे या पिलाची रोजची गरज सहा ग्रॅमच्या घरात जाते. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम अवघे २५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस मात्र २२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पाव किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकरी आणि लिटरभर म्हशीचे दूध दिल्यास दोन हजार कॅलरी भरतात खऱ्या, परंतु कॅल्शियम दोन ग्रॅमच्या थोडेसेच वर जाते. म्हणजे पोट भरते आणि गरजेचा एक तृतीयांश भागच पुरा होतो. ज्या घरी दूध पाव लिटरच मिळते, तेथील स्थिती याहून बिकट समजावी. केळी आपल्याकडे मुबलक, पण तीही या बाबतीत उपयोगाची नाहीत. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम वीस मिलिग्रॅमही नसते.

मांसाहारी कुटुंबांत बिनहाडाची उकडलेली कोंबडी भरपूर दिली जाते आणि पिलाला उत्तम खुराक मिळतो असे मानले जाते. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस दहा ते वीस पट असते. पिलाच्या आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा किंचित अधिक असावे लागते. म्हणजे भाकरी आणि मांस या दोन अगदी निराळ्या थाळ्या पिलाला एकाच आजाराकडे नेतात. रक्तातील कॅल्शियम घटू लागले की गळ्याजवळील पॅराथायरॉईड ग्रंथी सतत पाझरू लागतात आणि हाडांत साठवलेले कॅल्शियम काढून रक्तात आणतात. त्यामुळे रक्ततपासणीत कॅल्शियमचा आकडा पुष्कळदा ठीकच दिसतो आणि पशुपालक निर्धास्त होतो. हाडे मात्र आतून पोखरली जातात. अशी पिले खाटेवरून उडी मारताच ओल्या फांदीप्रमाणे हाड वाकवून घेतात. मणक्याला किंवा कटिभागाला बाक आला तर तो कायमचा राहतो. मादीच्या बाबतीत पुढे अरुंद कटीमुळे प्रसूतीतही अडचण येते. वेळीच आहार सुधारला आणि काही आठवडे मऊ अंथरुणावर बंदिस्त विश्रांती दिली, तर बहुतेक पिले सावरतात. येथे कॅल्शियम दिलेच पाहिजे, पण ते मोजून व तोंडावाटे.

आता दुसरी बाजू. मोठ्या जातींच्या पिलांसाठी तयार केलेले चांगले पाकीटबंद खाद्य ज्यांना परवडते, त्यांच्या पिलाला लागणारे कॅल्शियम त्या खाद्यातच असते. त्यावर बाटली चालू केली की प्रमाण बिघडते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात हेझविंकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिलांवरच हे प्रयोग केले. काही पिलांच्या कोरड्या खाद्यात १.१ टक्के कॅल्शियम होते, काहींच्या खाद्यात त्याच्या तिप्पट म्हणजे ३.३ टक्के. जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिलांच्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याचे कामच विस्कळीत झाले आणि त्यांच्या हातापायांच्या हाडांत दोष निर्माण झाले. याचे कारण असे की लहान पिलाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम नाकारता येत नाही. मोठे कुत्रे जास्तीचे कॅल्शियम बरेचसे शेणावाटे टाकून देते. पिलू मात्र, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, समोर येईल त्यातला मोठा हिस्सा शोषून घेत राहते. ‘थोडे जास्त झाले तर काय बिघडते’ हा आपला नेहमीचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही, तो यामुळे.

कॅल्शियमइतकाच दोष अति खाऊ घालण्याकडे जातो. पिलू गुटगुटीत दिसावे ही हौस आपल्याकडे मुलांच्या बाबतीतही आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या काही पिलांना हवे तितके सकस खाद्य दिले आणि त्यांच्या जोडीदारांना त्याच्या दोन तृतीयांश. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भरपेट खाणाऱ्या पिलांत हाडांचे व सांध्यांचे दोष ठळकपणे आढळले. पुढे लॅब्रेडॉर जातीच्या ४८ पिलांवर असाच अभ्यास झाला. चोवीस पिलांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न मिळत असे. दोन वर्षांच्या वयात खुब्याच्या सांध्याचा दोष कमी खाणाऱ्यांत कितीतरी कमी होता. हीच कुत्री शेवटपर्यंत पाहिली गेली, तेव्हा कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे आणि इतरांचे ११.२ वर्षे भरले. प्रथिनांवर मात्र विनाकारण ठपका ठेवला जातो. प्रथिने कमी केल्याने हाडे सुधारतात, असे ग्रेट डेनवरील अभ्यासांतून दिसलेले नाही.

पिलाचे अंग योग्य आहे की नाही हे पाहण्यास हाताइतके चांगले साधन नाही. बरगड्या डोळ्यांना फारशा दिसू नयेत, पण हलक्या हाताने चाचपताच लागाव्यात. वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसावी. आठवड्यातून एकदा वजन घ्यावे. पिलाला उचलून काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. ते उचलता येईनासे झाले की किराणा दुकानाचा किंवा केळीच्या वखारीचा मोठा काटा कामास येतो. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा मोजून अन्न द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले उचलावे. थाळी दिवसभर भरून ठेवू नये.

शाकाहारी कुटुंबांची अडचण खरी आहे व ती हसण्यावारी नेऊ नये. जळगाव शहरात अशी पुष्कळ घरे आहेत जेथे अंडेदेखील येत नाही आणि पाकिटातील मांसयुक्त खाद्यही चालत नाही. त्या कुटुंबांनी महाकाय जातीचे पिलू घेण्यापूर्वीच याचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. घेतलेच असेल, तर दूध, दही, पनीर, डाळी व धान्य यांवर त्याला वाढवणे अवघड असले तरी अशक्य नाही. मात्र हा आहार पशुवैद्यकाने कागदावर मांडून दिला पाहिजे. त्यात कॅल्शियम कार्बोनेट किती व फॉस्फरसयुक्त क्षार किती हे ग्रॅममध्ये ठरवावे लागते आणि पिलाचे वजन वाढेल तसे दर पंधरवड्याने बदलावे लागते. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका ग्रॅममध्ये कॅल्शियम ४०० मिलिग्रॅम असते. चमच्याच्या अंदाजाने ही पूड घालण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी सांगणे आवश्यक आहे. मुडदूस टाळण्यासाठी बाळाला कोवळ्या उन्हात ठेवतात, तसे पिलालाही रोज सकाळी उन्हात बांधण्याची पद्धत आहे. उन्हाने पिलाला बरे वाटत असेल, परंतु कुत्र्याच्या त्वचेत सूर्यप्रकाशापासून पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, हे १९९० च्या दशकात उट्रेख्ट येथेच दाखवून दिले गेले. ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते. म्हणून कोणी घरातील आजीसाठी आणलेली साठ हजार युनिटची पुडी पिलाला देऊ नये. दहा किलोच्या पिलाला तेवढ्या मात्रेने विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. उलट्या, अतिशय तहान, मलूलपणा आणि पुढे मूत्रपिंडास इजा असा त्याचा क्रम असतो.

प्रत्येक लंगडणे आहारामुळे असते असेही नाही. आपल्या भागात प्रथम पंजा उलटून बाभळीचा काटा पाहावा. हा सल्ला फार साधा वाटेल, पण रोगनिदानाची सुरुवात तेथूनच होते. त्यानंतर कान, मान व बोटांच्या बेचक्यांतील गोचिड्या पाहाव्यात. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात सांधे सुजून पिलू लंगडू शकते आणि त्यावर आहाराचा काहीही उपयोग होत नाही. आज उजव्या, पंधरा दिवसांनी डाव्या, असे पाय बदलत लंगडणे हा लांब हाडांच्या आतील दाहाचा विशेष असतो. तो त्रासदायक असला तरी वयाबरोबर निवतो. तीन ते सहा महिन्यांच्या पिलाला ताप असेल, मनगटाच्या वरच्या बाजूस गरम व दुखरी सूज असेल आणि ते उभेच राहत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खांद्याचा किंवा कोपराचा पाय सतत धरून लंगडणे, तसेच उठताना मागचा भाग डुलणे, यांत कूर्चा किंवा खुबा दोषी असण्याचा संभव असल्याने क्ष-किरण तपासणी लागते. पुढील शस्त्रक्रियेसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था किंवा मुंबईतील परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे जावे लागू शकते. उशीर जितका अधिक, तितका उपाय थोडा.

माणसांची वेदनाशामके पिलास देऊ नयेत. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या थोड्या गोळ्यांनीही कुत्र्याच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो. शिवाय वेदना दबली की पिलू पुन्हा धावते आणि दुखरा सांधा अधिक झिजतो. डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे. ती गिधाडांच्या रक्षणासाठी आली असली तरी कुत्र्यांच्याही पथ्यावर पडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

व्यायामाविषयी थोडक्यात. मोटारसायकलीमागे पिलू पळवणे आणि जीपमधून उडी मारू देणे दीड वर्षापर्यंत पूर्ण बंद ठेवावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी पिलू दिवसभर घरात गुळगुळीत फरशीवर असते आणि उठता-बसता त्याचे मागचे पाय फाकतात. त्याच्या वावराच्या जागी गोणपाट किंवा जाड सतरंजी अंथरावी आणि फिरणे पहाटे व रात्री ठेवावे. उन्हाळ्यात भूक मंदावते ती स्वाभाविक आहे. ती भरून काढण्यासाठी तूप किंवा मलई घालू नये.

तपासणीस येताना गेल्या आठवड्यात पिलाने खाल्लेल्या सर्व पदार्थांची मापासह यादी, खाद्याचे रिकामे पाकीट आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली किंवा पुडी सोबत आणावी. पिलाची जन्मतारीख आणि आई-बापांच्या लंगडण्याचा इतिहास ठाऊक असल्यास तोही सांगावा. पिलू घरातून चालत निघताना व उठताना भ्रमणध्वनीवर त्याचे मिनिटभराचे चित्रण करून ठेवल्यास फार मदत होते, कारण रुग्णालयाच्या आवारात आल्यावर घाबरलेले पिलू पुष्कळदा लंगडतच नाही.