जुळणीची टक्केवारी म्हणजे प्रजातीचा दाखला नव्हे

पूर्णाकाठचा खारपाणपट्टा असो वा लोणारचे अल्कधर्मी सरोवर, वऱ्हाडातील अशा मातीतून व गाळातून अनोळखी जिवाणू मिळतात यात नवल नाही. नवल आहे ते ‘जुळणी ९९ टक्के म्हणजे जुनी प्रजाती, ९७ टक्के म्हणजे नवी’ असा निवाडा ज्ञात प्रजातींशी ताडलेल्या एका जनुकाच्या अहवालावरून देण्याच्या घाईचे.

१६एस नावाचे हे जनुक प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमचा एक घटक तयार करते, सुमारे १,५०० अक्षरांचे असते आणि सर्व जिवाणूंत आढळते. मात्र ते फार सावकाश बदलत असल्याने जवळचे भाऊबंद त्यावरून वेगळे काढता येत नाहीत. बीटी कपाशीला ज्याचे जनुक लाभले तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि काळपुळीचा बॅसिलस अँथ्रॅसिस यांची १६एस जनुके जवळजवळ एकसारखीच आहेत, आणि तरीही या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जातात. स्टॅकेब्रांट आणि एबर्स यांनी २००६ साली सुचवलेला ९८.७ ते ९९ टक्क्यांचा उंबरठा जुळणीने ओलांडला, तर संपूर्ण जनुकसंचाची तुलना करावीच लागते, आणि तेथे ९५-९६ टक्क्यांखालील सरासरी साम्य वेगळ्या प्रजातीकडे बोट दाखवते. जुळणी त्या उंबरठ्याखाली असली तरी जनुकाचे वाचन अर्धवट किंवा सदोष असेल, तर त्या आकड्याला काडीचीही किंमत नसते.

वेगळेपण सिद्ध झाल्यावरही नाव आपोआप मिळत नाही. प्ररूप, म्हणजे प्रजातीचे नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो जिवंत वाण, दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो आणि त्याचे वर्णन नामकरण संहितेनुसार प्रसिद्ध व्हावे लागते. लोणारच्या इंडिबॅक्टर अल्कलीफिलसला २०१० साली नाव मिळाले ते याच वाटेने.

‘नवा’ म्हणजे नुकताच उपजलेला, हा समज तर निव्वळ भाबडा आहे. नवी प्रजाती म्हणजे नवे जिवाणू खत, असेही नसते. लोणारचे पाणी २०२० साली गुलाबी झाले त्याचे श्रेय जिवाणूंना देणेही चूक आहे, कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवल्याप्रमाणे तो रंग क्षारप्रिय आर्कियांचा होता, आणि आर्किया हा जिवाणूंहून निराळा गट असल्याचे कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली ओळखले ते याच १६एस जनुकापासून बनणाऱ्या रेणूवरून. जवळच्या प्रजातींच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये, हे १९९२ साली सांगणाऱ्यांतही पुन्हा फॉक्सच होते.