विरोधकांची मते लागली तेव्हा

आणीबाणीची आठवण मराठीत निघते ती बहुधा तुरुंगाच्या दाराशी. येरवडा, नाशिक रोड, ठाणे. एकाच बराकीत संघाचा स्वयंसेवक आणि राष्ट्र सेवा दलात वाढलेला समाजवादी, पलीकडे मार्क्सवादी, कोपऱ्यात सर्वोदयी. वर्षानुवर्षे एकमेकांची तोंडे न पाहणारी ही माणसे एका पंगतीला जेवू लागली, एकमेकांची पुस्तके वाचू लागली आणि त्या सहवासातून १९७७ चा जनता पक्ष उभा राहिला, अशी ही कथा आहे. ती खोटी नाही. आणीबाणीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाने मोजलेली स्थानबद्धांची आणि अटकेतल्यांची संख्या १ लाख १० हजारांच्या वर जाते; एवढी माणसे एकदम आत गेल्यावर सोयरिका जुळणारच. पण ही कथा आपल्याला चुकीच्या जागी नेऊन सोडते. विरोधकांनी मतभेद बाजूला ठेवून लोकशाही सावरली ती तुरुंगात नव्हे, आणि जनता पक्ष स्थापन झाला त्या दिवशीही नव्हे. ते काम १९७८ मध्ये संसदेत झाले, आणि ते करणाऱ्यांत आणीबाणी लादणाऱ्या पक्षाचेही खासदार होते. त्या घटनेची स्मारके नाहीत, कारण तिच्यात हौतात्म्य नाही. तिच्यात आहे ते गणित.

ते गणित आधी समजून घ्यावे लागते. मार्च १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाने २९५ जागा जिंकल्या, काँग्रेस १५४ वर आली आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. पण राज्यसभा एका निवडणुकीने बदलत नाही. तिचे सदस्य आधीच्या विधानसभांनी पाठवलेले होते आणि तिथे बहुमत काँग्रेसवाल्यांचेच होते. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांची दोन तृतीयांश मते लागतात. याचा सरळ अर्थ असा, की आणीबाणीत घटनेत घातलेली एकही ओळ काढायची, तर ज्यांनी ती घातली त्यांचीच मते मागावी लागणार. ३८ व्या दुरुस्तीने आणीबाणीची घोषणा न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली होती, ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक. आणि ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाच वर्षांवरून सहा वर्षांवर नेली होती. सहावे वर्ष आता जनता सरकारच्याच पदरात पडत होते. त्यांनी ते नको म्हटले, हेही नोंदवायला हवे.

दोन दुरुस्त्यांचे वेग शेजारी ठेवून पाहावेत. ३९ वी दुरुस्ती ऑगस्ट १९७५ मध्ये मांडली गेली आणि लोकसभा, राज्यसभा, राज्यांच्या विधानसभा अशी सारी वाट चालून राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत चार दिवसांत पोहोचली, कारण अडवणारे गजाआड होते. ४४ वी दुरुस्ती मे १९७८ मध्ये मांडली गेली आणि तिच्यावर सही झाली ३० एप्रिल १९७९ ला, कारण अडवणारे समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनी अडवलेही. ऑगस्ट १९७८ च्या अखेरीस राज्यसभेने विधेयकातली पाच कलमे फेटाळली. घटनेच्या मूलभूत बाबींना हात लावायचा तर सार्वमत घ्यावे, ही तरतूद कायदामंत्री शांती भूषण यांना फार महत्त्वाची वाटत होती, तीही गेली. जनता पक्षाला तेव्हा विधेयक मागे घेऊन ‘काँग्रेसने लोकशाहीचा पुन्हा घात केला’ म्हणून गावोगाव सभा घेता आल्या असत्या. तसे न करता ७ डिसेंबर १९७८ ला लोकसभेने राज्यसभेचे बदल मान्य केले आणि उरलेले विधेयक पदरात पाडून घेतले.

जे पदरात पडले ते वाचताना एक गंमत दिसते. एकेक तरतूद म्हणजे २५ जून १९७५ च्या रात्रीला दिलेले एकेक उत्तर आहे. त्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे घोषणेचा कागद सहीला गेला तेव्हा मंत्रिमंडळाला पत्ता नव्हता. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे बोलावून सांगण्यात आले. म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा काढता येत नाही. त्या वेळी कारण दिले होते ‘अंतर्गत अशांतता’. हे शब्द इतके ऐसपैस की त्यांत रेल्वेचा संपही मावतो आणि विद्यार्थ्यांचा मोर्चाही. त्यांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आले. संसदेची मंजुरी एका महिन्यात आणि तीही दोन तृतीयांशांनी, पुढे दर सहा महिन्यांनी नव्याने. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर चौदा दिवसांत खास बैठक आणि आणीबाणी उठवायला साधे बहुमत पुरे. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा एकट्याचा विरोध सोडता, असे ठरवले होते की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येत नाही. म्हणून जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब होणार नाही, असे आता घटनेतच आले. संसदेतली भाषणे सेन्सॉरने छापू दिली नव्हती, म्हणून कामकाजाच्या वृत्तांताला घटनेचे संरक्षण मिळाले. पन्नास वर्षे कोणाही पंतप्रधानाला देशभर आणीबाणी पुकारता आली नाही, याचे श्रेय जनतेच्या जागरूकतेला देण्याची पद्धत आहे. त्यातला बराच मोठा वाटा या रुक्ष वाक्यांचा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. काँग्रेसवाल्यांनी मते दिली ती उपरती होऊन नव्हे. आता आपण विरोधात आहोत, उद्या हीच हत्यारे आपल्यावर चालतील, या भीतीने दिली. बरोबर आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये जनता सरकारने इंदिरा गांधींना अटक केली होती. आरोप इतके कच्चे की दंडाधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सोडून दिले. ४४ वी दुरुस्ती मान्य करणाऱ्या त्याच लोकसभेने बारा दिवसांनी, १९ डिसेंबरला, चिकमगळूरहून नुकत्याच निवडून आलेल्या इंदिरा गांधींचे सदस्यत्व रद्द करून त्यांना तिहारला पाठवले. म्हणजे प्रेम दोन्ही बाजूंना नव्हते. पण माझा मुद्दा नेमका हाच आहे. लोकशाहीच्या बचावासाठी मने जुळावी लागतात हा आपला गोड गैरसमज आहे. लागते ती एवढीच जाणीव की सत्ता फिरते, आणि फिरल्यावर आपल्याला कोणते नियम हवे असतील ते आजच लिहून ठेवावेत. स्वार्थातून आलेला नियम पुढच्या माणसाला तितकाच उपयोगी पडतो. १९७७ मध्येच जनता सरकारने संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला कायद्याने मंत्र्याच्या तोडीचा दर्जा दिला. तेव्हा लोकसभेत त्या पदावर होते यशवंतराव चव्हाण, आणीबाणीच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात ते स्वागताध्यक्ष होते आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत इंदिरा सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगत होत्या. त्या सभामंडपात कोण शूर होते हे उघड आहे. पण शूर माणसे आयुष्यभर पुरत नाहीत, म्हणून समोरच्या बाकालाही कायद्यात खुर्ची लागते.

मग जनता पक्षाचे काय? तोही विरोधकांच्या एकजुटीचाच प्रयोग होता आणि अडीच वर्षांत मोडला. १५ जुलै १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला, चरणसिंग काँग्रेसच्या टेकूवर पंतप्रधान झाले, लोकसभेला सामोरे न जाताच पडले, आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या. यावरून ‘विरोधकांची कडबोळी टिकत नाहीत’ असा निष्कर्ष आपल्याकडे पाठच झाला आहे. मला तो उतावीळ वाटतो. मोडली ती आघाडी नव्हे, विलीनीकरण मोडले. जयप्रकाशांचा आग्रह एका पक्षाचा होता. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी यांनी जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक तोंडावर आल्यावर तो मान्य केला. पण चिन्हसुद्धा लोकदलाचे, चक्रातला नांगरधारी शेतकरी, उसने घ्यावे लागले. एक पक्ष म्हटले की एक निष्ठा आली, आणि मग मधू लिमये यांनी विचारलेला प्रश्न टाळता येईना: जनता पक्षाचा सदस्य संघाचाही सदस्य कसा? प्रश्न चुकीचा नव्हता. आघाडी असती तर तो विचारण्याची गरजच पडली नसती, एवढेच. संघाची माणसे संघात, समाजवादी आपल्या जागी, आणि करार फक्त आणीबाणीची कलमे उपटण्यापुरता.

असे होऊ शकत होते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९७७ मध्ये इथल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या आणि जनता पक्षाला १९. उरलेल्या नऊ जागांत शेतकरी कामगार पक्षाच्या पाच, मार्क्सवाद्यांच्या तीन आणि रिपब्लिकनांची एक. हे तिन्ही पक्ष जनता पक्षात विरघळले नव्हते; त्यांनी जागा वाटून घेतल्या होत्या. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या, आणि निवडून आलेल्यांची यादी पाहावी: समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, जनसंघाकडून आलेले सुब्रमण्यम स्वामी, वकील राम जेठमलानी. मृणालताई आणि अहिल्याताई १९७२ पासून महागाईविरुद्ध एकत्र लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. त्यांच्या सोबतीला तारा रेड्डी असत, आणि त्यांच्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पुढे आणीबाणीला पाठिंबा दिला. लाटणे एक असले तरी पक्ष निराळेच राहिले, आणि त्यामुळे मोर्चाचे काही बिघडले नव्हते. त्याआधी १९५६ मध्ये स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती होतीच. डांगे, एस. एम. जोशी आणि अत्रे एका व्यासपीठावर आले म्हणून कोणी डांग्यांना कम्युनिस्ट पक्ष सोडायला सांगितले नाही. १ मे १९६० ला राज्य मिळाले आणि समिती पांगू लागली. तिच्या पांगण्याला आपण अपयश म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. मतभेद बाजूला ठेवायचे म्हणजे नेमके कोणाचे प्रश्न बाजूला पडतात? एकमताची भाषा बोलणाऱ्यांच्या घरावर सहसा दगड पडत नाहीत. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. मुख्यमंत्री शरद पवार यांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार तेव्हा जेमतेम नऊ दिवसांचे होते. त्यात काँग्रेसमधून फुटलेले, जनता पक्षाचे, शेकापचे असे सगळे होते. ठरावाच्या पाठोपाठ मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. विधानसभेतले एकमत गावच्या वेशीपर्यंतही पोहोचले नव्हते. हा आक्षेप मी खोडत नाही. तो माझ्या म्हणण्याची हद्द आखतो. पक्षांमधला करार खेळाचे नियम राखू शकतो, समाजातला अन्याय मिटवू शकत नाही, आणि तसे आश्वासन त्याने देऊही नये. जनता पक्षाने दिले, संपूर्ण क्रांतीचे. करार जेवढा रुंद केला तेवढा तो पातळ झाला.

तुरुंगातल्या एकजुटीबद्दलही थोडे कमी भाबडे व्हायला हवे. येरवड्यातूनच सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी इंदिरा गांधींना पत्रे लिहून संघावरील बंदी उठवण्याची विनंती केली होती. बाहेर शिवसेना आणीबाणीच्या बाजूने होती. लोकशाहीच्या बचावाला सगळे विरोधक एकदिलाने उभे ठाकले, हे चित्र नंतर रंगवलेले आहे. म्हणूनच कागदावर काय उतरले याला महत्त्व. कागद पाळलाही गेला, निदान पुष्कळसा. १९८० मध्ये परतलेल्या इंदिरा गांधींनी ४४ वी दुरुस्ती उलटवली नाही. १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारने ५९ व्या दुरुस्तीने केवळ पंजाबपुरती ‘अंतर्गत अशांतता’ परत आणली. ती पुढे ६३ व्या दुरुस्तीने निघाली.

कागदातली एक फट मात्र तशीच राहिली आणि ती पाडणारे दुसरे कोणी नव्हते. ४४ व्या दुरुस्ती कायद्याचे तिसरे कलम प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दल आहे: उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांऐवजी दोनच महिने डांबता यावे, आणि त्या मंडळाचा अध्यक्ष विद्यमान न्यायाधीशच असावा. कायदा कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे सरकारवर सोडले होते. २० जून १९७९ ला, जनता सरकारच्या शेवटच्या महिन्यात, बहुतेक कलमे लागू झाली. तिसरे वगळले गेले. ज्यांच्यातले कित्येकजण विनाचौकशी एकोणीस महिने बराकीत राहून आले होते, त्यांनीच ते वगळले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न गेला, तेव्हा अधिसूचना काढायला सरकारला भाग पाडण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष केंद्रात सत्तेवर किंवा सत्तेत भागीदार होऊन गेला. राज्यघटनेची सरकारी प्रत उघडली तर अनुच्छेद २२ मध्ये अजून तीन महिनेच छापलेले आहेत, आणि खाली बारीक टाइपात एक तळटीप आहे: तिसरे कलम अमलात आल्यावर हा अनुच्छेद बदलेल, मजकुरासाठी परिशिष्ट पाहावे.