दमादमानं – लेखांक ७ : डब्यातला प्लग आणि मधला बर्थ

विमानाचं कबूल केलं होतं, ते या आठवड्यात राहणार. अमरावतीहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्याला उशीर करून चालणार नाही, कारण त्यांच्या घरचं लग्न तोंडावर आलं आहे. सासऱ्यांना सीओपीडी. दिवसातून दोनदा मशीनवर वाफ घ्यावी लागते. नातीच्या लग्नाला मुंबईला जायचं, रात्रीच्या गाडीचं थर्ड एसीचं तिकीट हातात आहे. विचारतात : बर्थजवळच्या प्लगवर मामंजींचं नेब्युलायझर चालेल का?

घरोघरी असतं ते धडधड आवाज करणारं कॉम्प्रेसरचं मशीन असेल, तर नाही. लावून बघायलाही जाऊ नका.

मशीन उलटं करा. तळाशी किंवा पाठीमागे एक पट्टी चिकटवलेली असते. ती वाचायची सवय दमेकऱ्याच्या घरात प्रत्येकाला हवी, असं माझं ठाम मत आहे. औषधाच्या चिठ्ठीइतकीच ती पट्टी महत्त्वाची. कॉम्प्रेसरच्या मशीनवर बहुधा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ एवढंच लिहिलेलं असतं. आता मोबाइलचा चार्जर हातात घ्या. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं असेल. सगळा फरक या दोन ओळींत आहे.

आपल्या गाड्यांच्या बहुतेक डब्यांत बर्थजवळच्या प्लगला ११० व्होल्ट असतात, घरच्या निम्म्याहूनही कमी. चार्जरच्या आतलं सर्किट १०० पासून २४० पर्यंत जे मिळेल ते घेतं आणि फोनला हवं तेवढंच पुढे देतं, म्हणून फोन गाडीतही चार्ज होतो. कॉम्प्रेसरच्या पोटात मात्र पिस्टन हलवणारी साधी मोटर असते. व्होल्टेज निम्मं झालं की तिला मिळणारी ताकद निम्मी होत नाही, जवळजवळ चौथाईवर येते. ती नुसती घुमते, तापते, हवा रेटत नाही. समजा रेटलीच, तरी औषधाचे थेंब मोठे पडतात. फुफ्फुसात खोलवर पोचायला थेंब १ ते ५ मायक्रॉनचा लागतो; त्याहून मोठा घशातच बसतो. म्हणजे मामंजी वीस मिनिटं मास्क लावून बसतील, वाफ दिसेलही, आणि औषध जिथे जायला हवं तिथे जाणार नाही. मला काळजी वाटते ती याचीच. मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी.

घरातलं कोणीतरी हुशार माणूस ११० चे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर सोबत न्यायचं सुचवेल. त्याला थांबवा. जुन्या घडणीच्या काही डब्यांत त्या प्लगला येणारी वीज डीसी असते आणि ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो. डीसीवर तो तापून जळतो. शिवाय ते प्लग फोन-लॅपटॉपपुरतेच केलेले आहेत. भरल्या डब्यात, पडदे-पांघरुणांच्या मध्ये, हा प्रयोग नको.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, मशीनमध्ये कुठलं औषध जातं ते बघा. सीओपीडीच्या बहुतेकांना त्यातून श्वासनलिका उघडणारं औषध दिलेलं असतं, सालब्युटामॉलसारखं. तेच औषध पंपातून मिळतं, आणि पंपाला स्पेसर जोडला तर अनेक रुग्णांना मशीनइतकाच गुण येतो. हे पटायला लोकांना फार जड जातं. मोठं मशीन, आवाज, दिसणारी वाफ, त्यामुळे औषध भरपूर मिळाल्यासारखं वाटतं. पंपातून काही दिसतच नाही. पण मशीनमधलं बरंचसं औषध नळीत, कपात आणि हवेत वाया जातं, म्हणून तर कुपीतली मात्रा पंपाच्या एका दाबाच्या कितीतरी पट ठेवलेली असते. तेव्हा ताई, निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या : एका वाफेच्या जागी स्पेसरमधून किती दाब, किती वेळाने, आणि दम वाढला तर किती. आकडा त्यांनीच द्यायचा, मी नाही. आणि मामंजींना स्पेसरची सवय घरीच करून द्या, गाडीत पहिल्यांदा नको.

माझ्यासारख्या ब्रॉन्किएक्टॅसिसवाल्यांना हा रस्ता अर्धाच मिळतो. कफ सुटावा म्हणून घ्यायचं खारं पाणी पंपात येत नाही, त्याला मशीनच लागतं. अशांनी बॅटरीवर चालणारं मेश नेब्युलायझर बघावं. मुठीत मावतं, आवाज जवळजवळ नाही, काहींना साधे पेन्सिल सेल चालतात. त्याची जाळी फार नाजूक असते. खाऱ्या पाण्यानंतर धुतली नाही तर मीठ साठून बुजते, आणि बुडेसोनाइडसारखं गढूळ औषध प्रत्येक मेशला मानवत नाही. आपलं औषध त्यात चालतं का, ते विकत घेण्यापूर्वी विचारा.

धुण्यावरून आठवलं. डब्यातल्या बेसिनच्या पाण्याने मशीनचा कप विसळू नका, कितीही घाई असली तरी. ओल्या कपात स्यूडोमोनास सुखाने वाढतो आणि पुढच्या वाफेबरोबर थेट फुफ्फुसात जातो. मी दुसरा कप घरूनच उकळून, पूर्ण वाळवून, झिपच्या पिशवीत घेतो. वापरलेला कप वेगळ्या पिशवीत घरी परत येतो. एवढं साधं आहे आणि तरीही हेच सगळ्यात जास्त चुकतं.

खरं सांगायचं तर तुमच्या प्रवासाला यातलं बरंचसं लागणारही नाही. अमरावतीहून गाडी संध्याकाळी निघते, मुंबईला सकाळी पोचते. निघण्यापूर्वी घरी वाफ घ्या, लग्नघरी पोचल्यावर दुसरी. दिवसाची दोनच वेळची वाफ असेल तर रात्रीची गाडी बरोबर मधल्या फटीत बसते. मधली रात्र स्पेसर उशाशी असला की झालं. मी गाडी निवडतो ती औषधाची वेळ बघून, तिकिटाची किंमत नंतर.

खरी अडचण तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही ती विचारलेली नाही : थर्ड एसी.

मामंजींना खालचा बर्थ मिळाला असेल, आणि सगळे म्हणतील, बरं झालं. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत मधल्या बर्थवाल्याला आपला बर्थ वर उचलून लावून झोपायचा हक्क आहे. तो लागला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही. मान वाकवून, पाठीचा कणा दुमडून बसावं लागतं. आणि दम लागलेल्या माणसाची पहिली गरज कुठली? उठून बसणं. पुढे झुकून, कोपर मांडीवर टेकून, खांदे मोकळे सोडून. आडवं पडलं की पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो, सीओपीडीत तो पडदा आधीच सपाट होऊन थकलेला असतो. रात्री तीनला मामंजींना धाप लागली, तर डोक्यावर मधल्या बर्थचा पत्रा असेल. वरच्या अनोळखी माणसाला उठवायचं, या संकोचात ते तसेच पडून राहतील. म्हातारी माणसं असंच करतात.

म्हणून सेकंड एसी बघा, तिथे मधला बर्थ नाही. पैशांचं जमत नसेल तर साइड लोअर मागा. त्याच्यावरही एक बर्थ असतो, पण उंचावर, त्यामुळे खाली ताठ बसता येतं. पाठीला दोन उशा, पाय लांब, रात्र निघते. थर्ड एसीच राहिला तर मधला बर्थ घरच्याच कोणाच्या नावावर असू द्या, म्हणजे उठवायला संकोच नाही. हे मी इतक्या जणांना सांगत आलोय आणि तरी आरक्षण करताना लोक फक्त ‘लोअर’ एवढंच पाहतात.

झोपताना सीपॅप किंवा बायपॅप लावणाऱ्यांसाठी याच ओघात. तुमच्या मशीनचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे ११० ची अडचण येत नाही. अडचण घड्याळाची. आगीच्या घटनांनंतर २०२१ मध्ये रेल्वेने चार्जिंगचे प्लग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचं ठरवलं, म्हणजे नेमके तुमच्या झोपेचे तास. प्लग चालू असेल या भरवशावर निघू नका, मशीनची बॅटरी सोबत हवी. ह्युमिडिफायर बंद ठेवला की ती कितीतरी जास्त टिकते, कारण पाणी तापवण्यातच बरीच वीज जाते. आणि त्यातलं पाणी निघण्यापूर्वी ओतून टाका, नाहीतर बॅग आडवी होताच ते मशीनच्या पोटात शिरतं.

ऑक्सिजनवर असलेल्यांनी एक नियम माहीत करून ठेवावा. गाडीत गॅसचे सिलिंडर नेता येत नाहीत, पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर रुग्णाला ऑक्सिजनचा सिलिंडर सगळ्या वर्गांत नेता येतो. प्रमाणपत्राच्या दोन प्रती ठेवा, एक रुग्णाच्या खिशात, एक सोबत्याकडे. ‘बी टाइप’ म्हणतात त्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला दोन लिटर लागत असतील तर साडेबारा तास. गाडीला होणारा उशीर त्या हिशेबात आधीच धरा. कडेला रात्रभर उभी राहिलेली गाडी मी पाहिली आहे.

ताई, वाटेत काही झालंच तर १३९ वर फोन लावा किंवा टीसीला सांगा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर बोलावता येतो. डॉक्टर चढला की पहिला प्रश्न औषधांचा असतो, तेव्हा चिठ्ठी वरच्या कप्प्यात असू द्या, लग्नाच्या साड्यांखाली नको.

विमानाचं पुढच्या आठवड्यात. ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी ऑक्सिजनची मशीन आहे, त्यांनी तोवर बॅटरीवर छापलेला वॉट-अवरचा आकडा वहीत उतरवून ठेवावा. १०० आणि १६० या दोन आकड्यांपाशी विमान कंपन्या अडतात, तिथूनच सुरुवात करू.